लष्कर, कंपू, हजीरा: ग्वाल्हेरला पुन्हा

शनिवार, 14 डिसेंबर 2024

ग्वाल्हेर स्टेशनाचं काम काढलंय. झेलम एक्स्प्रेसमधून उतरलं की आधी पत्रे दिसतात, पत्र्यांच्या मागे क्रेन आणि क्रेनच्या मागे कुठेतरी शहर. मी बॅगा मोजत होते. दादा मात्र फलाटाच्या टोकाकडे बघत उभा राहिला आणि हमालाला त्याने पहिला प्रश्न विचारला तो छोट्या गाडीचा, म्हणजे दोन फुटी रुळांवरच्या इथल्या जुन्या आगगाडीचा. "वो तो लॉकडाउन में बंद हुई बाबूजी, फिर चली ही नहीं." हे दादाला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी पेपरात वाचून त्यानेच मला फोन केला होता. तरी विचारलंन.

आम्ही दोघं भावंडं लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या त्या नावाच्या भागात वाढलो. बाबा एजी ऑफिसात, म्हणजे महालेखाकारांच्या कचेरीत होते. ते निवृत्त झाले, आईबाबा पुण्याला आले आणि ग्वाल्हेर लग्नामुंजीपुरतं उरलं. पुढे लग्नंमुंजीही संपल्या. त्यामुळे या खेपेला निमित्त काहीच नव्हतं. तानसेन समारोहाचं हे शंभरावं वर्ष होतं आणि माई अजून हिंडतीफिरती आहे, एवढं पुरलं.

नवख्यांसाठी सांगते. ग्वाल्हेर म्हणजे तीन गावं. किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं ग्वाल्हेर, म्हणजे किला गेट आणि हजीरा. इंग्रजांची छावणी होती ते मुरार. आणि 1810 साली दौलतराव शिंद्यांचा तळ पडला आणि हललाच नाही, ते लष्कर. मराठी माणसं राहायची ती मुख्यतः लष्करात. तंबू गेले, दगडी वाडे आले, पण नावं तळाचीच राहिली: कंपू, जिन्सी, हुजरात, शिंदे की छावनी, चिटनीस की गोठ, महाडिक की गोठ.

स्टेशनाबाहेर पूर्वी काळा धूर सोडणारे विक्रम टेंपो ओळीने उभे असायचे. एकात दहा जण आणि मागे लटकलेले दोन. आता ई-रिक्षा. आवाज नाही, धूर नाही, पण संख्या अशी की पडावच्या चौकात सगळ्या एकमेकींत अडकून शांतपणे उभ्या. भाडं बसण्याआधी ठरवा आणि "अकेले चलना है" असं स्पष्ट सांगा, नाहीतर वाटेत आणखी तिघं चढतात.

माई म्हणजे आईची मावसबहीण. सराफ्यातलं घर विकून ती मुलाबरोबर सिटी सेंटरला राहते. आमच्या वेळी तिकडे कोणी जात नसे, जायला काही नव्हतंच. आता मॉल, बँका, कोचिंग क्लासचे फलक आणि चौथ्या मजल्यावर लिफ्टने जायची माई. दार उघडल्या उघडल्या म्हणाली, "अगं बेबी, थंडी खूप पडून राहिली आहे, आधी रजाई घे. चहा मागून घेशील." मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. बेबी म्हणणारी माणसं जगात दोनच उरलीत आणि त्या रात्री ती दोघं एकाच टेबलावर बथुव्याचं रायतं आणि बाजरीची भाकरी खात होती.

थंडीबद्दल माईचं ऐका. पुण्या-मुंबईचे स्वेटर इथे बनियनच्या जागी वापरायचे. कानटोपी, पायमोजे आणि खाली गरम पायजमा हवाच. दगडी घरांत आत जास्त गारठा असतो, उन्हात बाहेर बरं वाटतं.

रविवार, 15 डिसेंबर

सकाळी हजीऱ्याला. लहानपणी हा भाग गिरणी कामगारांचा होता. शेजारी बिर्लानगर, तिथे जे. सी. मिल, म्हणजे जियाजीराव कॉटन मिल. 1990 च्या दशकात ती बंद पडली आणि अख्ख्या वस्तीचा रोजगार गेला. तानसेन इथेच आहे. म्हणजे आहे तो मोठा घुमट त्याच्या गुरूचा, मोहम्मद घौस यांचा. चारी बाजूंनी दगडी जाळ्या, एकीची नक्षी दुसरीत नाही. तानसेन बाजूला, एका छोट्या चौथऱ्यावर, खांबांच्या मंडपीखाली. पहिल्यांदा येणारे नेहमी चुकीच्या कबरीला नमस्कार करतात.

समारोह 1924 साली माधवराव शिंद्यांच्या काळात सुरू झाला. संध्याकाळच्या मैफलींची जाहिरात होते, पण मला यायचं होतं ते सकाळसाठी. आधी शहनाई. मग लष्करातल्या ढोलीबुवांच्या मठाचे महाराज हरिकथा करतात. मठ नाथपंथी, परंपरा मराठी कीर्तनकारांची. आणि हरिकथा संपली की मौलाना मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या जन्माची स्तुती वाचतात, मग कबरीवर चादर चढते. हे इतकं वर्षानुवर्षं चालत आलंय की जमलेल्या कोणालाच त्यात काही विशेष वाटत नव्हतं. माझ्या शेजारच्या बाई हरिकथेत टाळ्या वाजवून, मिलादच्या वेळी डोक्यावर पदर घेऊन, मधल्या दोन मिनिटांत शेंगदाणे सोलत होत्या.

हरिकथा हिंदीत होती. चाल, थांबणं, आख्यानातून पदात शिरणं, सगळं आपलं कीर्तन. शब्द तेवढे हिंदी. दादाला ते थोडं लागलं. मला नाही. ऐकणाऱ्यांत मराठी किती होते ते मान वळवून पाहिलं असतं तर त्यालाही लागलं नसतं.

चिंचेच्या झाडाशी एक आजोबा भेटले. जे. सी. मिलमध्ये साच्यावर होते, घर पलीकडच्या गल्लीत. आवाज सुधारतो म्हणून गवई इथला चिंचेचा पाला खातात, हे सर्वांना माहीत असतं. आजोबांनी दादाला दोन पानं तोडून दिली आणि म्हणाले, "पुराना पेड़ तो कब का गया. ये उसका बच्चा है. असर आधा समझो." मिलचा भोंगा होता तेव्हा हजीऱ्याची घड्याळं त्यावर लागायची, असंही म्हणाले. मग स्वतःच हसले. आता मोबाइलवर वेळ बरोबर असते, पण जायचं कुठे.

इथे उभं राहिलं की महाराष्ट्रातल्या ख्यालगायनाचा पत्ता सापडतो. हद्दू खाँ, हस्सू खाँ यांच्या घराण्याची तालीम वासुदेवबुवा जोशींकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी घेतली आणि ती दक्षिणेकडे नेली. त्यांच्याकडून ती विष्णु दिगंबर पलुसकरांकडे गेली. आपल्याकडच्या निम्म्याअधिक गाण्याचं मूळ या शहरात. 31 ऑक्टोबर 2023 ला युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला, तो फलक आता चौकाचौकात आहे. फलक चांगलाच आहे. फक्त आमच्या गल्लीत पूर्वी पहाटे तीन घरांतून तंबोरा ऐकू यायचा, तेव्हा फलक नव्हता.

दुपारी उपराष्ट्रपती शहरात होते. रस्ते बंद, वळसे, पुन्हा रस्ते बंद. त्या दिवशी किल्ल्यावर कर्ण महालापाशी पाचशेहून जास्त कलाकार नऊ प्रकारची वाद्यं एकत्र वाजवून गिनीज विक्रम करणार होते. आम्ही काही तिकडे फिरकलो नाही. विक्रमासाठी वाजवलेलं गाणं मोजायला बरं, ऐकायला कसं असेल कोण जाणे. पण माईच्या नातवाच्या शाळेतला एक मुलगा त्यात सतारीवर होता, आणि तो नातू दोन दिवस त्याच्याविषयीच बोलत होता. त्या वयात मला असं कोणी पाचशे जणांत बसवलं असतं तर मीही सतार सोडली नसती.

संध्याकाळी मैफल. प्रवेश मोकळा आहे, तिकीट नाही. पुढे गाद्या, मागे खुर्च्या. गादीवर बसायचं असेल तर लवकर जा आणि घरून चादर न्या, पायावर घ्यायला. कार्यक्रम लांबतो आणि रात्रीची ई-रिक्षा हजीऱ्याहून मिळायला त्रास होतो, तेव्हा जाण्यायेण्याची गाडी आधीच सांगून ठेवा.

त्या रात्रीचं एक सांगायलाच हवं. लोकांच्या फोनवर बातमी फिरू लागली की झाकिर हुसेन गेले. मग, नाही गेले, आजारी आहेत. मग पुन्हा गेले. आमच्या पुढच्या ओळीत दोघांचं यावरून जुंपलं, एकाच्या फोनवर ते जिवंत होते आणि दुसऱ्याच्या फोनवर नव्हते. "सोने से पहले मत मानो," असं तिसऱ्याने सांगितलं आणि तो विषय मिटला.

सोमवार, 16 डिसेंबर

सकाळी मानावं लागलं. माईने दूरदर्शन बंद केलं आणि बेडई आणायला मुलाला पाठवलं. उडदाच्या डाळीचं तिखट सारण भरलेली पुरी, वर पातळ बटाट्याची भाजी, शेवटी जिलबी. ग्वाल्हेरचा नाश्ता हाच, यात सुदैवाने कोणी सुधारणा केलेली नाही. सकाळी नऊच्या आत खा. त्यानंतर तेल बदलतं आणि भाजी संपते.

मग लष्करात पायी. बाड्यापासून सुरुवात केली. महाराज बाडा हा मोठा चौक, मध्ये पुतळा आणि भोवती एकेक इमारत वेगळ्या धाटणीची. पोस्टाचे ग्रीक खांब, टाऊन हॉल, स्टेट बँक, व्हिक्टोरिया मार्केट, गोरखीचं दार. पूर्वी इथे टेंपो, हातगाड्या, गाई, स्वेटरवाले आणि त्यांच्यातून वाट काढणारे आपण. आता गाड्यांना मज्जाव आहे, फरशी घातलीय, बसायला ओटे आहेत. मी तक्रार करायच्या तयारीने आले होते, पण खरं सांगते, पोस्टाची इमारत मी पहिल्यांदाच धड पाहिली. इतकी वर्षं तिच्यासमोरून जात होते ते खाली बघत, पाय कुठे पडतोय ते बघत.

टाऊन हॉल म्हणजे आमचं रीगल टॉकीज. आता डागडुजी होऊन पुन्हा सभागृह झालंय. व्हिक्टोरिया मार्केट 2010 मध्ये जळालं होतं. वह्यापुस्तकं तिथेच घ्यायचो. ते पुन्हा उभं केलं आणि आता त्यात भूविज्ञानाचं संग्रहालय आहे. आदल्याच दिवशी उद्घाटन झालं होतं, आम्ही गेलो तेव्हा दार बंद. सोमवार आहे, बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात हे तुम्ही लक्षात ठेवा. दादा कमानीतून आत डोकावून म्हणाला, "जिथे कंपासपेटी घ्यायचो तिथे आता दगड मांडलेत."

बाड्याहून जनकगंज, तिथून गल्ल्यागल्ल्यांनी आमची गोठ, म्हणजे आमची वस्ती. वाट विचारावी लागली नाही, पण दोनदा थांबून खात्री करावी लागली. लष्करातली जुनी घरं सगळी दगडाची. छपराला लाकूड नाही, लांब पटिया टाकायचे, म्हणजे दगडाचीच फळी. सज्ज्याखाली कोरलेले दगडी हात आणि दर्शनी भागात जाळी. त्यातली पुष्कळ अजून आहेत. फक्त त्यांच्यापुढे शटर, फ्लेक्स, केबलची भेंडोळी आणि एसीची खोकी आल्यामुळे ती शोधावी लागतात. मान वर करून चाला. खालच्या मजल्यावर सगळी शहरं सारखीच झालीत.

आमच्या भाड्याच्या वाड्याचा ओटा रस्तारुंदीत गेला होता. पुढच्या दिवाणखान्यात टेंटहाऊसचं गोदाम. बाहेर खुर्च्यांच्या चवडी, आत मोठाली पातेली आणि लग्नातल्या सोनेरी पट्ट्यांच्या माळा. दुकानदार तिशीतला. दादाने हिंदीत सांगितलं की आम्ही इथे राहायचो. त्याने वर-खाली पाहिलं आणि विचारलं, "मराठे हो? तो पानी वाला कमरा कौन सा था, बताओ." परीक्षाच घेतलीन. दादाने कोपऱ्यातली खोली दाखवली, जिथे तिगरा धरणाचं नळाचं पाणी यायचं तेव्हा रात्री दोन वाजता उठून हंडे लावायचो. दुकानदार खूश झाला. "अब भी वहीं आता है. टाइम बदल गया, नल वही है."

दर्शनी जाळी दिसत नव्हती. तिच्यावर इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासचा फ्लेक्स होता. त्याने बांबूने फ्लेक्सचं खालचं टोक उचलून धरलं. जाळी आहे तशी होती. खालच्या बाजूला एक पाकळी तुटलेली, ती दादाच्या चेंडूने तुटली होती आणि बाबांनी मालकांना स्वतः जाऊन सांगितलं होतं. दादा ती पाकळी बोटाने चाचपत राहिला, टेंटवाल्याचा हात दुखायला लागला तेव्हा मीच म्हटलं, "अरे दादा, पुरे, त्या बिचाऱ्याला खाली ठेवू दे."

वाड्याचे मूळ मालक दिल्लीला. शेजारचे पुण्याला, त्यापलीकडचे इंदूरला, कोपऱ्यावरचे अमेरिकेत. एका दारावर मराठी आडनावाची पितळी पाटी होती म्हणून बेल वाजवली. दार उघडणारे मिश्रा निघाले. घर विकत घेऊन बारा वर्षं झाली, पाटी काढली नाही, कारण पोस्टमन, गॅसवाला, सगळे अजून त्याच नावाने ओळखतात. "हमें भी लोग वही बोल देते हैं," म्हणाले, आणि आम्हाला बसवून आल्याचा चहा दिला.

परतताना जीवाजीगंजातून आलो. सरोद घर याच भागात. हाफिज अली खाँसाहेबांचं राहतं घर, आता वाद्यांचं संग्रहालय. जवळच एका माडीवर तबल्याचा क्लास चालू होता, लहान मुलांचा, बाहेर दहाबारा चपला. गुरुजी जिन्यात सिमेंटच्या पायरीवर फोनवर बोलत होते. आम्ही थांबलेले पाहून म्हणाले, "आज छुट्टी देने का मन था. फिर सोचा, छुट्टी में ये लोग करेंगे क्या, मोबाइल देखेंगे. तो कायदा ही बजवा रहा हूँ." कायदा म्हणजे तबल्याच्या बोलांची एक रचना. वर कोणीतरी हमखास तिसऱ्या आवर्तनात चुकत होतं आणि बाकीचे हसत होते.

संध्याकाळी दौलतगंजात मंगोडे. मुगाच्या डाळीची भजी, बाहेरून खरखरीत, हिरवी चटणी आणि किसलेला मुळा. अटलबिहारी वाजपेयी इथे खायला यायचे असं दर तिसरा माणूस सांगतो. त्यांचं बालपण शिंदे की छावनीतलं, नया बाजारातले बहादुराचे लाडूही त्यांच्याच नावाशी जोडले जातात. लाडू खरोखर चांगले आहेत, कोणाच्याही शिफारशीशिवाय.

मंगळवार, 17 डिसेंबर

दादाचा दिवस. छोटी लाइन म्हणजे ग्वाल्हेर लाइट रेल्वे. दोन फुटी रूळ, ग्वाल्हेर ते श्योपूर कलां जवळजवळ 200 किलोमीटर, आणि त्याला दिवस जायचा. डब्यात जागा नसली की माणसं टपावर बसत, आणि जागा असली तरी बसत. मार्च 2020 मध्ये ती थांबली. आता तिच्या जागी ब्रॉडगेज होतेय. शहरातून घोसीपुऱ्याकडे जाणारी जुनी वाट आम्ही सकाळी पाहिली. कुठे रूळ आहेत, कुठे मातीखाली, कुठे त्यांवर शेणाच्या गोवऱ्या. पाच मिनिटांत पाहून झालं. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावरून मद्य आणि सिगार फिरवणारी चांदीची आगगाडी मात्र अजून तकतकीत आहे, तिला पाहायला रांग लागते.

मग नव्या मेमूने, म्हणजे विजेवरच्या लोकल गाडीने, जौऱ्याला. खिडकीबाहेर दोन्ही बाजूंनी मोहरी, पिवळीधमक. समोर जौऱ्याच्या सरकारी शाळेतल्या एक शिक्षिका होत्या, रोजच्या येणाऱ्या. दादाने त्यांना छोट्या गाडीची मजा सांगायला सुरुवात केली: गाडीतून उतरून ऊस तोडायचा आणि धावत पुन्हा चढायचं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "भाईसाहब, उसी गाड़ी के भरोसे मैंने सात साल जौरा में किराये का कमरा रखा. बच्ची ग्वालियर में, मैं वहाँ. अब शाम को घर जाती हूँ." दादा गप्प. पुढची स्टेशनं येईतो तो मोहरीकडेच बघत होता. मग त्याने त्यांना मुलगी कितवीत आहे ते विचारलं, आणि जौरा येईपर्यंत गणिताच्या क्लासवर गप्पा झाल्या.

जौऱ्यात गांधी आश्रम आहे. 14 एप्रिल 1972 ला चंबळच्या बाग्यांनी, म्हणजे डाकूंनी, जयप्रकाश नारायणांसमोर इथे शस्त्रं खाली ठेवली. लहानपणी छोट्या गाडीने जायचं म्हटलं की आईचा जीव खालीवर व्हायचा तो याच मुलखामुळे. आता बाजारात मोबाइलची दुकानं आणि मोहरीच्या तेलाचा वास. आश्रमात शांत आहे, अर्धा तास पुरतो. परतीच्या गाडीची वेळ जातानाच विचारून ठेवा, गाड्या मोजक्या आहेत.

दुपारी लष्करात एका गजकवाल्याकडे. डिसेंबरात या पट्ट्यात गजकेशिवाय, म्हणजे तीळगुळाच्या खुसखुशीत वडीशिवाय, पान हलत नाही. मुरैन्याच्या गजकेला 2023 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानामागे कारखाना बघू दिला. गुळाचा पाक कोमट झाला की त्याचा गोळा भिंतीतल्या खुंटीला अडकवतात, ओढतात, दुमडून पुन्हा अडकवतात. सुरुवातीला गोळा तपकिरी आणि चकचकीत असतो. ओढता ओढता त्यात हवा शिरते, तो फिका होत होत सोनेरी पांढरा होतो आणि त्याला रेशमासारखे धागे सुटतात. मग तो भाजलेल्या तिळांत घालतात आणि चार जण लाकडी मोगऱ्यांनी गोल बसून कुटतात, एकापाठोपाठ एक, कोणाचा मोगरा कोणाच्या हातावर पडत नाही. ज्याने खुंटी धरली होती त्याच्या तळहाताला घट्टे होते. "थंड जितनी ज़्यादा, गजक उतनी खस्ता," म्हणाला. दमट हवेत ती मऊ पडते. त्यामुळे मुंबईकरांनी घट्ट डबा न्यावा, आणि निघायच्या दिवशीच घ्यावी.

संध्याकाळी कंपूला, मांढरे की माता. टेकडीवर देऊळ. जयाजीरावांच्या फौजेतल्या आनंदराव मांढऱ्यांनी साताऱ्याकडच्या मांढरदेवीची आठवण इथे आणली. दसऱ्याला शिंदे घराण्याचं शमीपूजन इथेच होतं. पुजारी मराठी. मी मराठीत विचारलं, त्यांनी मराठीत उत्तर दिलं आणि मग त्यांच्या मुलीला हाक मारून सांगितलं, "ए, बाहेर ये, मराठीत बोलणारे आले आहेत." मुलगी आली, लाजली आणि हिंदीत म्हणाली, समझ लेती हूँ, बोलना नहीं आता. माईचा नातूही तसाच. माईला त्याचं दुःख नाही, "पोटापुरती येते ना," म्हणते. मला आहे. पण पुण्यात माझ्या मुलाची मुलं काय बोलतात ते आठवून मी तिथे तोंड उघडलं नाही.

बुधवार, 18 डिसेंबर

किल्ल्याबद्दल थोडक्यात, त्यावर सगळेच लिहितात. गाडीने जायचं तर उरवाई दरवाजाने. वाटेत कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती दिसतात. पायी जायचं तर किला गेटकडून, गुजरी महालाजवळून चढ. आम्ही मुद्दाम पायी गेलो, कारण त्या वाटेवर चतुर्भुज मंदिर आहे, एका दगडात कोरलेलं, छोटंसं, लोक न थांबता पुढे जातात. आत इसवी सन 876 चा शिलालेख आहे. त्यात देवळाला दिलेल्या बागेची लांबी 270 हात आणि रोजच्या हारांची संख्या 50 अशी अंकांत लिहिलीय, शून्यासकट; बारीक गोल, आपण काढतो तसंच. दादा गणिताचा माणूस. तो तिथे बसला तो बसलाच. रखवालदाराने शेवटी विचारलं, "सर, आप प्रोफेसर हो क्या?"

मान मंदिराच्या भिंतीवर निळ्या फरशांत पिवळी बदकं अजून आहेत. वरून खाली पाहिलं तर स्वर्णरेखेवर उंच खांब उभे राहताना दिसतात. नदीच्या पात्रावरून उन्नत रस्ता होतोय. ती नदी आमच्या लहानपणीही नालाच होती, त्यामुळे मी हळहळ काढू शकत नाही, पण निदान वर आकाश होतं. रोज त्या बाजूने कामाला जाणारा माझा मावसभाऊ मात्र रस्ता कधी पुरा होतो याची वाट बघतोय.

उतरून मेळ्याच्या मैदानावर गेलो. ग्वाल्हेरचा मेळा 1905 मध्ये माधवरावांनी सुरू केला, मूळ गुरांचा. तो नाताळच्या सुमारास भरतो. आम्ही गेलो तेव्हा पक्क्या दुकानांना चुना लागत होता आणि आकाशपाळण्याचे हात जमिनीवर सुटे पडले होते. मेळा बघायचा तर जानेवारीत या. कडाक्याच्या थंडीत स्वेटर घालून सॉफ्टी खायची आणि थाळीएवढा पापड, ही इथली रीत.

मेळ्यात गाडी घेतली तर वाहनकरात निम्मी सूट मिळते, गेली काही वर्षं मिळतेय. रात्री स्टेशनवर सोडायला येताना मावसभावाने दादाला हेच पटवायला घेतलं. "दादा, जानेवारीत ये, गाडी घे, मेळ्यातच घे." दादा म्हणाला मला पुण्यात चालवायचीय, इथल्या नंबरची घेऊन काय करू. "मग माझ्या नावावर घे. तू पुण्यात पैसे भर, मी इथे चालवतो. तू आलास की तुझी." माई मागच्या सीटवरून म्हणाली की पांढरी घेऊ नका, मळते. गाडीला सव्वा तास उशीर होता, आणि फलाटावर गजकेच्या खोक्यावर कागद ठेवून दादा खरोखरच हिशेब मांडत बसला.